डावीकडे कोणी नाही

।। श्री सिद्धरामेश्वर प्रसन्न ।।

सोलापूर, २७ ऑक्टोबर २०२५

मंज्या,

फोन उचलत नाहीस म्हणून हे पत्र. तू क्रीडा प्रबोधिनीच्या हॉस्टेलवर होतास तेव्हा मी तुला दर पंधरवड्याला लिहायचो आणि तू उत्तरात फक्त 'शेंगाचटणी संपली' एवढं कळवायचास. आता तेवढंही नाही कळवलंस तरी चालेल. तू तुझ्या वहिनीला दर रविवारी फोन करतोस, हे मला ठाऊक आहे. चंद्रिका स्वयंपाकघरात जाऊन हळू आवाजात बोलते, पण दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये हळू बोलून काय उपयोग?

तर हंगाम सुरू झाला. आपल्याकडे बास्केटबॉल खेळायचे पैसे मिळतील, आणि तेही आपल्या चाळीतल्या पोराला, असं कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. कोईमतूरचा संघ, अंगावर नाव छापलेली जर्सी, आणि मागून मंजुनाथ चनबसप्पा. आडनाव का नाही घातलं रे? अप्पांचं अख्खं नाव पाठीवर मावलं हे मात्र बरं झालं. तुझी पाठ अजून वाढायची आहे.

नवीन हंगाम लागला की पेपरवाले 'या खेपेला कुणाकडे लक्ष ठेवाल' असं लिहितात. आपल्या पेपरात बास्केटबॉलची ओळसुद्धा येत नाही, म्हणून म्हटलं ते काम आपणच करावं. रेल्वेच्या चौकशीच्या खिडकीवर बसून मी दुसरं काय करतो? खिडकी साध्या उंचीच्या माणसासाठी केलेली आहे. समोरच्याला माझा चेहरा दिसतच नाही, शर्टाची गुंडी दिसते. एक आजी तर रोज त्या गुंडीलाच नमस्कार करून गाडीची वेळ विचारतात.

आता लक्ष कुणाकडे ठेवायचं? तुमच्या त्या अमेरिकन पाहुण्याकडे ठेवू नकोस. छत्तिसाव्या वर्षी दोन्ही गुडघ्यांना पट्टे बांधून तो पहिले चार सामने पळेल आणि मग बाकावरून टाळ्या वाजवेल. लक्ष ठेव तुमच्यातल्या त्या लुधियानाच्या अमृतवर. सगळे म्हणतात त्याच्या हातात चेंडू राहत नाही. मी पहिला सामना पाहिला, मला तसं वाटलं नाही. त्याला कुणी चेंडू देतच नाही. तुमच्या कोचवरही ठेव, तो चार भाषांत शिव्या देतो, पण बदली खेळाडू पाठवताना घाबरतो. मग तो सोलापूरचा काटकुळा गार्ड, त्याचा हात चांगला आहे, डोकं गरम आहे. आणि शेवटची गोष्ट म्हणजे तुमच्या बाकावरची मोकळी जागा.

ती जागा माझी आहे हे तुला सांगायला नको. बारा जणांच्या संघात तुम्ही अकराच खेळताय, कारण पुण्याच्या चाचणीत कोचनं आपल्या दोघांना एकत्र निवडलं आणि मला म्हणाला, तीस नोव्हेंबरला पहिला टप्पा संपेपर्यंत जागा धरून ठेवतो. खात्याची एनओसी मिळाली की नोकरी राखून सुटलो. साहेब म्हणालेत, या आठवड्यात बघतो. म्हणजे झालंच समज. तिसऱ्या सामन्यापर्यंत मी येतो, कोचला तसं सांग.

फ्लेक्सचा विषय मी काढणार नाही. तूही काढू नकोस.

अप्पा बरे आहेत. जरा अशक्तपणा आहे, वयाचं असतं तेवढं.

तुझा
अण्णा

सोलापूर, ५ नोव्हेंबर

मंज्या,

तीन सामने झाले आणि तुम्ही दोन हरलात. घाबरायचं काम नाही. हंगामाच्या सुरुवातीला आकडे बघून निकाल लावणारा माणूस शेंग फोडायच्या आधीच दाणे मोजतो. नवीन माणसं आहेत, एकमेकांच्या सवयी माहीत नाहीत. काल तू उजवीकडून घुसलास, दोघांना अंगावर घेतलंस आणि न बघता चेंडू मागे डावीकडे टाकलास. तिथे कोणी नव्हतं. चेंडू थेट फोटोग्राफरच्या पोटात बसला. कोच ओरडला, तेव्हा तू मान खाली घातलीस. मला ते आवडलं नाही. पास सुंदर होता.

ताळमेळ बसेल. मी आलो की बसेलच.

मी बाहेर बाकड्यावर बसून मोबाईलवर पाहिला सामना. नेट मधेच जात होतं आणि एक नर्स सारखी आवाज कमी करा म्हणत होती. म्हणजे अप्पांना जरा तपासायला नेलं होतं, नेहमीचंच.

तू तिसऱ्या सामन्याला माझी वाट पाहिली असशील. बाकावरून दरवाजाकडे बघत होतास ते कॅमेऱ्यात दिसलं. साहेबांनी अजून सही केलेली नाही. कारण काय, हे लपवण्यात अर्थ नाही, ते तुलाही माहीत आहे. त्यामुळे आता फ्लेक्सचा विषय काढतो.

मंज्या, तुझ्या मनात वाईट नव्हतं, हे मला त्याही दिवशी कळत होतं. चौकात दहा फुटांचा बोर्ड, मधे आपण दोघं भाऊ, 'सोलापूरच्या मातीतले दोन हिरे, नोकरीपेक्षा खेळ मोठा', खाली सगळी मित्रमंडळी गॉगल लावून, आणि वर नगरसेवक व्हायला निघालेल्या पुढाऱ्याचं आपल्या दोघांहून मोठं तोंड. शिवानंदनं स्वतःच्या दुकानात फुकट छापून दिला. पण माझा अर्ज अजून खिशात होता रे! साहेबांची गाडी रोज त्याच चौकातून जाते. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला आत बोलावलं आणि म्हणाले, "सोमशेखर, तुमचा अर्ज माझ्या टेबलावर यायच्या आधी चौकात लागला. नोकरीपेक्षा खेळ मोठा का? मग खात्यानं तुम्हाला कशासाठी घेतलंय?"

कशासाठी घेतलंय ते त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. डिसेंबरात आंतरविभागीय स्पर्धा जिंकून द्यायची, कप साहेबांच्या केबिनमधल्या काचेच्या कपाटात ठेवायचा आणि बाकीचे अकरा महिने खिडकीत वाकून बसायचं. नऊ वर्षं मी तेच करतोय.

त्या दिवशी मी जाऊन फ्लेक्स फाडला. शिडी लागली नाही. तू मागून पळत आलास आणि सगळ्या चौकादेखत म्हणालास, "भित्रा हायस तू, अण्णा. राजीनामा टाक की! कुणाला भितोस बे?" आणि संध्याकाळच्या गाडीनं निघून गेलास. स्टेशनवर मी आलो होतो. तू खिडकी लावून घेतलीस.

मला राग आला होता, आता नाही. पण राजीनामा टाक म्हणणं सोपं असतं.

अण्णा

सोलापूर, १२ नोव्हेंबर

मंज्या,

आनंदाची बातमी आधी सांगतो. सही झाली!

झालं असं की साहेबांचा वाढदिवस दहा तारखेला असतो. शिवानंद घरी आला आणि म्हणाला, "अण्णा, ज्या फ्लेक्सनं घालवलं, त्याच फ्लेक्सनं आणू की. लई सोपं हाय. त्यांचा फोटोच न्हवता, तेच दुखणं हाय बघ." चंद्रिका म्हणाली, हे काही मला बरं दिसत नाही. मी म्हटलं, बुडत्याला काडीचा आधार, छाप.

काय छापलं म्हणतोस! साहेब मधे, पंधरा फूट. 'कर्तव्यदक्ष, हसतमुख, खेळाडूंचे आधारस्तंभ.' साहेबांना हसताना आमच्या ऑफिसात कुणी पाहिलेलं नाही, पण फोटोत दात दिसतात. ते दात शिवानंदनं कुठून आणले, हे मी विचारलं नाही. पुढाऱ्याचं तोंड या खेपेलाही वर आहेच, कारण जागा त्याची आणि बांबूही त्याचे. मी खाली कोपऱ्यात, शुभेच्छुक म्हणून हात जोडून. चालकानं सांगितलं की साहेबांनी गाडीला चौकाभोवती दोन फेऱ्या मारायला लावल्या.

काल मला आत बोलावलं. चहा आला, तोही कपबशीत. फाईल ओढली, सही केली आणि वरच्या ऑफिसला पाठवली. "आठ दिवसांत येईल," म्हणाले, "डिसेंबरातल्या आपल्या स्पर्धेला मात्र चार दिवस परत या हं." मी येतो म्हटलं. त्या घटकेला मी पाण्यातही उडी टाकली असती.

कोचला सांग, वीस तारखेपर्यंत मी येतो. जागा कुणाला देऊ नको म्हणावं. मी रोज पहाटे जुन्या शाळेच्या कोर्टवर जातोय. एका बाजूची रिंग अजून नाहीच. तू नाहीस, म्हणून चेंडू भिंतीवर मारून घेतो. धाप लागते, पण डाव्या कोपऱ्यातून अजून पाचातले चार पडतात.

कालच्या सामन्यात तू पुन्हा तीनदा डावीकडे टाकलास. दोनदा चेंडू बाहेर गेला, एकदा समोरच्यानं उचलला. कोचनं तुला बसवलं, त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस. थोडे दिवस. मग मी असेन तिथे.

अण्णा

सोलापूर, १८ नोव्हेंबर

मंज्या,

आज फार लिहिवत नाही.

फ्लेक्सचा फोटो कुणीतरी वरच्या ऑफिसात पाठवला. निवडणुकीचे दिवस, आणि पुढाऱ्याच्या तोंडाखाली खात्याचा अधिकारी दात काढून हसतोय. वरून फोन आला, साहेबांना तडकाफडकी हलवलं. शिपायांनी खोकी भरली, तेव्हा साहेब माझ्याकडे एकदा बघून गाडीत जाऊन बसले. ते चिडले असते तर बरं वाटलं असतं. काचेच्या कपाटातले कप तेवढे इथेच राहिले.

नवीन साहेब आले ते कडक निघाले. जुन्या साहेबांनी शेवटच्या आठवड्यात सह्या केलेल्या सगळ्या फायली त्यांनी परत मागवल्या. त्यात माझी आहे. मी आत जाऊन विचारलं तर मान वर न करता म्हणाले, "फ्लेक्सवाले तुम्हीच का? जानेवारीत बघू."

जानेवारीत बघू म्हणे. मी बाहेर येऊन खिडकीत बसलो. गुंडीला नमस्कार करणाऱ्या आजी आल्या, गाडीची वेळ विचारली, आणि मला सांगता येईना. रोजची गाडी, नऊ वर्षं सांगतोय. शेजारच्या खिडकीतल्या बाईंनी सांगितली.

तरी अजून बारा दिवस आहेत. मी काहीतरी करतो. वरच्या ऑफिसात जाऊन बसतो. तू कोचला लगेच काही सांगू नकोस.

चंद्रिका म्हणाली की तू रविवारी फोनवर रडलास. तुला सलग दोन सामने बाकावर बसवलं आणि मॅनेजर म्हणाला, पहिल्या टप्प्यानंतर ठेवायचं की नाही ते बघू. तू तिला म्हणालास, "अण्णा आला की समदं नीट हुतंय." मला का नाही सांगितलंस? मी कोण आहे तुझा?

अण्णा

सोलापूर, २२ नोव्हेंबर

मंज्या,

हे पत्र बसून वाच. जवळ कुणी असेल तर बाहेर जा.

अप्पांना अशक्तपणा नाही. तू गेलास त्यानंतर महिन्याभरात त्यांच्या दोन्ही किडन्या बसल्या. दर मंगळवारी आणि शुक्रवारी डायलिसिस असतं. मी त्यांना खात्याच्या दवाखान्यात नेतो. चार तास सुई हातात असते. चंद्रिकाला मी शपथ घातली होती, तिच्यावर चिडू नकोस. आणि मला अप्पांनी घातली होती. "हेळबेड," म्हणाले, "सांगू नको त्याला. पळत येतंय ते बेणं. खेळू दे की."

हे सगळं माझ्या नोकरीच्या कार्डावर होतं. राजीनामा दिला तर कार्ड जातं, राहतं क्वार्टर जातं. तू चौकात मला भित्रा म्हणालास तेव्हा अप्पांची पायसूज सुरू झाली होती, आणि मी एकटाच तिच्याकडे बघत होतो. मी त्याच दिवशी ओळखलं होतं की राजीनामा आता माझ्या हातात राहिला नाही. एनओसी हाच एक दरवाजा होता. तो मी जोरजोरात ढकलला आणि तो आतून बंद झाला.

वरच्या ऑफिसातही जाऊन आलो. दिवसभर बाकावर बसवलं आणि सांगितलं, खालच्या साहेबांकडून येऊ द्या.

आता ऐक. काल शुक्रवारी तुझा सामना दवाखान्यात पाहिला. इयरफोनचं एक टोक माझ्या कानात, एक अप्पांच्या. ते दर सामना पाहतात, तुला सांगायचं नाही म्हणाले होते, तेही सांगून टाकतो. त्यांना बास्केटबॉलमधलं काय कळतं ते आपल्याला माहीत आहे. अजून ते रिबाउंडला 'उडी' म्हणतात. तू शेवटची पाच मिनिटं उतरलास. उजवीकडून घुसलास, दोघं अंगावर आले आणि तू चेंडू डावीकडे टाकलास. बाहेर गेला. अप्पा म्हणाले, "कुणाकडं टाकतंय बे ह्यो? तितं कोन न्हाय की."

नर्सनं विचारलं, डोळ्यांत काय गेलं.

तिथे मी आहे, मंज्या. तू सातवीत असल्यापासून तिथे मीच आहे. शाळेच्या एका रिंगच्या कोर्टवर तू उजवीकडून यायचास, मी डाव्या कोपऱ्यात उभा राहायचो, कारण उजवीकडे गटार होतं आणि माझा देह गटारात मावत नव्हता. तू न बघता टाकायचास आणि मी असायचो. तुला वाटतं अण्णा येईल तेव्हा सगळं नीट होईल, म्हणून तू तो पास सोडत नाहीस. आणि मी पत्रामागून पत्र येतो येतो म्हणत तो तुझ्याकडून सोडवत नाही. तुझी चूक एवढीच की तू माझ्यावर विश्वास ठेवलास. फोन उचलत नव्हतास, तरी ठेवलास.

मी येणार नाही. या हंगामात नाही आणि, खरं लिहितो, पुढच्याही नाही. पुढच्या वर्षी मी तेहतीस वर्षांचा असेन आणि अप्पांना मंगळवार-शुक्रवार लागणारच.

आज दुपारी मी कोचला फोन करून जागा सोडली. तो म्हणाला, तीस तारखेपर्यंत थांबू की. मी म्हटलं, थांबू नका. मग जिन्यात जाऊन बसलो. खोटं कशाला सांगू, बराच वेळ बसलो. मला खेळायचं होतं रे. एकदा तरी, पाठीवर नाव छापलेली जर्सी घालून, तुझ्या शेजारी.

आता कामाचं. अमृत डावरा आहे आणि डाव्या कोपऱ्यात जात नाही, तो फ्री थ्रोच्या रेषेपर्यंत वर येतो. तू घुसलास आणि दोघं तुझ्याकडे खेचले गेले की तो मोकळा असतो. दर वेळी असतो, मी बघितलंय. तो हात वर करून उभा असतो आणि तू त्याच्याकडे पाठ करून मला शोधत असतोस. त्याला दे. उंच दे आणि जरा जोरात, त्याच्या हातात चेंडू राहतो, मी पहिल्या दिवसापासून सांगतोय.

इकडे पळत यायचं नाही. आलास तर अप्पा तुला आणि मला दोघांनाही सुईसकट मारतील. तुझा करार टिकला तर त्यांच्या जिवाला बरं वाटेल, औषधापेक्षा जास्त. तेवढं कर.

डावीकडे कोणी नाही, मंज्या. बघून टाक.

अण्णा

सोलापूर, ३० नोव्हेंबर

मंज्या,

कालचा सामना घरीच पाहिला. शनिवार होता, दवाखाना नव्हता. शिवानंदनं दुकानातला मोठा टीव्ही आणून लावला. मी म्हटलं, बाबा, काही छापू नकोस म्हणजे झालं. तो म्हणाला, "व्हय अण्णा, तोंडसुद्धा उघडत न्हाय."

पहिल्या अर्ध्यात तू चाचपडलास. दोनदा डावीकडे मान गेली तुझी, हात गेला नाही. अमृतला दिलेला पहिला पास त्याच्या कोपरावर बसला. चंद्रिका म्हणाली, जाऊ दे, होईल. मग तिसऱ्या भागात तू घुसलास, दोघं आले, आणि तू मान वळवून, डोळे उघडे ठेवून, अमृतला दिलास. त्यानं तो उचलून आत टाकला. त्यानंतर तुम्ही दोघं थांबलाच नाहीत. तो प्रत्येक वेळी तुझ्याकडे बोट दाखवून परत पळत होता.

अप्पांनी विचारलं, "ह्यो कोन?"

"अमृत," मी म्हटलं.

"ब्येस हाय की पोरगं," अप्पा म्हणाले.

मला आनंद झाला. तू शेवटी त्याच्या खांद्यावर उडी मारलीस तेव्हा मी उठून पाणी प्यायला गेलो आणि दाराच्या चौकटीला कपाळ आपटलं. नऊ वर्षं याच घरात वाकून चालतोय, काल विसरलो. चंद्रिकानं हळद लावलीय. आज सुट्टी आहे, नाहीतर आजींनी गुंडीला विचारलं असतं, काय झालं म्हणून.

तुझा करार पुढे चालू ठेवल्याचं तिनं सांगितलं. केरळचा कोण एक पोरगा माझ्या जागेवर येतोय, असंही म्हणाली. त्याला नीट वागव. नवीन माणसाला पहिल्या दिवशी कुणी जेवायला बोलवत नाही, तू बोलव.

सामना संपल्यावर माझा फोन वाजला. स्क्रीनवर तुझं नाव होतं, तीन महिन्यांनी. अप्पा म्हणाले, उचल की बे. चंद्रिका म्हणाली, अहो, उचला. तो वाजून वाजून थांबला, परत वाजला, परत थांबला. मी हातात धरून बसलो होतो.

रागावू नकोस. उचलला असता तर मी 'येतो' म्हणालो असतो.

अण्णा